मुरमाचं टेकाड

भिंतीला पहिली पहार बसली तेव्हा भुजंग बाजेवर बसून चहा घेत होता. वरून मातीचा पोपडा सुटला आणि सरळ कपात पडला. त्यानं चहा ओतून दिला, बाज उचलली आणि अंगणात नेली. अंगणात ऊन आलं होतं. तिथून गोठ्याच्या कडेला नेली, तर म्हैस शेपूट मारायला लागली. मग त्यानं बाज उभी करून ठेवली आणि तो तिच्याशेजारी उभाच राहिला.

झुंबरबाई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. माणूस एका जागी टिकत नव्हता. जेवायला बसला की अर्ध्यात उठे, निजला की बाज घेऊन फिरे. गेल्या भादव्यात ती काविळीनं गेली. आता वैशाख लागला होता, आणि अजून त्याच्या बाजेला घरात जागा सापडत नव्हती.

भिंतीपलीकडून त्याचा धाकटा भाऊ संपत आला. अंगावर धुरळा, हातात पहार.

“दादा, शिमग्यापासून सांगून राह्यलो. मधली भिंत माझ्या वाटणीची आहे. मला स्लॅब टाकायचाय. भिंत उतरल्यावर तुमचं आढं कशावर टेकंल?”

“टेकंल तुझ्या डोक्यावर.”

“टेकू द्या. पण पावसाच्या आधी का नंतर, तेवढं सांगा.”

भुजंगला हसू आलं, पण ते त्यानं दाखवलं नाही. संपतचं काही चुकत नव्हतं. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि पाहुणे यायच्या आधी त्याला घर पाहिजे होतं. गावठाणात बोट ठेवायला जागा नव्हती. ज्याला बांधायचं त्यानं जुनं पाडूनच बांधायचं, आणि जुनं पाडलं की शेजाऱ्याचं आपोआप खाली यायचं.

“मृगाआधी आम्ही रानात राहायला जातो,” भुजंग म्हणाला.

“मागच्या सालीबी असंच म्हणलं होतं.”

“मागच्या साली ती होती म्हणायला,” भुजंग म्हणाला, आणि बाज उचलून पुन्हा अंगणात घेऊन गेला.

*

भुजंगचं रान गावापासून थोडं लांब, वाटूरच्या रस्त्याला लागून होतं. काळंभोर, सपाट रान. कापूस निघून गेला होता, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या आणि उन्हानं जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. थोरला मुलगा कल्याण हे रान कसायचा. धाकटा राधेश्याम जालन्याला टेम्पो चालवायचा आणि बायकोला घेऊन मस्तगडला एका खोलीत राहायचा. त्या घरमालकानं खोली परत मागितली होती. दोघं भाऊ रानात एकत्र बांधायचं म्हणत होते. आईच्या माघारी त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती.

ग्रामसेवकाला आणि बापाला घेऊन कल्याण सकाळीच रानात आला. ग्रामसेवक तसा भला माणूस. डोक्याला रुमाल बांधून, भेगांत बूट अडकू नये म्हणून पाय उचलून उचलून टाकत होता.

“गावठाणात जागा न्हाई हे मलाबी दिसतं,” तो म्हणाला. “पण हे शेत आहे. शेतात शेतकऱ्याचं राहतं घर बांधता येतं, त्याचा कागद मी करून देतो. पण घर एकच. दोन भावांची दोन बांधली की उद्या तिसरा पाहुणा येतो, चौथा येतो. मंग ती वस्ती झाली. वस्तीला जमीन अकृषिक करून घ्या, तहसीलला जा, नकाशा मंजूर करा, आतून रस्ता सोडा, मोकळी जागा सोडा. तुमचं रान त्यातच जाईल.”

“मंग दोघांनी एकातच राहायचं?” कल्याणनं विचारलं.

“जोतं एक ठेवा. छप्पर एक ठेवा. आत चुली किती मांडता ते पाहायला मी येत न्हाई.”

मग तो रानभर फिरला. रस्त्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, रस्ता रुंद होणार आहे, इथून बरंच मागं सरा. मधून मोठ्या तारा गेल्या होत्या, त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, ह्याच्याखाली बिलकुल न्हाई. ओढ्याकडच्या बाजूला गाळाची रेघ बाभळीच्या खोडावर अजून दिसत होती, तिथं त्यानं नुसती मान हलवली. विहिरीजवळ आला तेव्हा म्हणाला, संडासाचा खड्डा हिच्यापासून लांब घ्या, आणि उताराच्या बाजूला घ्या, न्हाईतर जे खाली जाईल तेच वर ओढाल.

“आन हे राह्यलेलं?” कल्याणनं उरलेल्या रानाकडे हात केला.

“तिथं बांधा की. पण काळी आहे. काळीत पाया दम धरतो का, ते तुम्हीच मला सांगा.”

ते सांगायला नको होतं. पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात फाटायचं, हा त्या मातीचा स्वभावच. बद्रीनाथ पाटलानं हौसेनं रानात बंगला बांधला होता. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या भिंतीतून मुंगूस जाईल एवढी फट पडली. खोल खांब घेऊन बांधायचं तर तेवढी यांची ऐपत नव्हती.

बोलत बोलत ग्रामसेवक विहिरीमागच्या टेकाडावर चढला. टेकाड म्हणजे फार काही नाही, म्हशीच्या पाठीएवढा उंचवटा. पण सगळ्या रानात तेवढाच मुरूम होता. तिथं काही पिकत नव्हतं. त्यानं बुटाची टाच आपटली. टण्ण आवाज आला.

“हे घ्या. इथं पाया हालायचा न्हाई. पायाला दगडबी जमा करून ठेवलेत तुम्ही,” तो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला त्यानं एक पाय दगडांवर ठेवला.

भुजंग विहिरीत पाहत होता.

“साहेब,” कल्याण हळूच म्हणाला, “तिथं आमच्या मायला अग्नी दिलाय.”

ग्रामसेवकानं पाय काढला. काढताना दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग बराच वेळ त्याला नाडी बांधता येईना.

*

झुंबरबाई गेली त्या दिवशी गावच्या मसणवाटेवरून ओढ्याचं पाणी चाललं होतं. रानातच अग्नी द्यायचं ठरलं, तर सगळं रान चिखल. माणसं घोट्यापर्यंत रुतत होती. सरण रचायला, आग धरायला कोरडी अशी एकच जागा होती. चार बाजूंनी चौघांनी वर पत्रे धरले, तेव्हा कुठं आग लागली. पेटवताना भुजंगला दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नव्हतं. पण त्या काळ्या रानात आग धरणारी जागा आणि घर धरणारी जागा एकच होती.

दगड तिचेच होते. खुरपताना जो चांगला दगड हाताला लागे तो ती पदरात घालून टेकाडावर नेऊन टाकी. पायाला होतील, म्हणे. घर बांधायचं तिनंच मनात घेतलं होतं आणि भुजंग दर दिवाळीला पुढची दिवाळी दाखवायचा. राख गोदावरीला सोडून आल्यावर त्यानं ते दगड गोळा करून जाळलेल्या जागेवर चौकोनी ओटा रचला. मध्ये एक तुळस लावली होती, ती मुरमात जळून गेली.

*

राधेश्यामचा टेम्पो संध्याकाळी आला. मागं कपाट, गॅस, कूलर, गाद्या, आणि त्या सगळ्यांत मांडीवर पाण्याचा माठ धरून त्याची बायको शीतल. अर्धं घर पाडायला काढलेलं, उरलेल्या अर्ध्यात हा संसार शिरला. कपाट दारातून आत जाईना, ते अंगणात राहिलं. रात्रीच्या भाकरी करताना कल्याणची बायको मीना आणि शीतल यांची कोपरं एकमेकींना लागत होती.

“गॅस इकडं सरकव,” मीना म्हणाली.

“इकडं भिंतच उतरून राह्यली, सरकवू कुठं? काकांच्या घरात?”

पुरुष जेवायला बसले. कल्याणनं ग्रामसेवकाचं सांगणं सांगितलं. राधेश्यामनं बोटानं ताटलीतल्या पिठल्यावर रेघ ओढली.

“सरळ ओळ घ्यायची. तुझे तीन खण, माझे तीन खण, मधी आबाची खोली. पुढं लांब ओसरी. एक जोतं, एक छप्पर. बराबर टेकाडावर बसतं. फक्त...”

“फक्त काय?” भुजंग म्हणाला.

“ओटा बांधावर न्यावा लागंल. चांगला सिमेंटचा करू, आबा. फरशी लावू.”

भुजंगनं भाकरी खाली ठेवली.

चुलीजवळून शीतल म्हणाली, “ओटा नेला तरी जागा जात न्हाई. मामा, तुम्हाला राग आला तर येऊ द्या. मी आत्याबाईंना शिव्या देऊन न्हाई राह्यले. पण जिथं त्यांना जाळलं तिथं मी पीठ मळू?”

“तू गप,” राधेश्याम म्हणाला.

“गप काहून? तुम्ही टेम्पो घेऊन जाताल. दिवसभर मला राहायचंय तिथं.”

“तिला काय म्हणता,” मीनानं तव्यावरची भाकरी उलटली. “मलाबी भ्या वाटतं. मी बोलले न्हाई एवढंच.”

भुजंगला वाटलं होतं की तो एकटाच अडून बसलाय. आता सगळेच अडून बसलेले पाहून त्याला बरंही वाटेना. तो ताटावरून उठला.

“दुसरीकडं मुरूम असंल,” तो म्हणाला. “एवढं रान आहे. खाली कुठंतरी असंलच.”

“आबा, मी नांगरतो ते रान. न्हाई.”

“नांगर किती खोल जातो?”

*

दुसऱ्या दिवसापासून तो खणायला लागला.

सकाळी ऊन तापायच्या आधी पहार आणि फावडं घेऊन जायचा. उन्हाळ्यातली काळी माती म्हणजे वाळलेलं कातडंच. पहार मारली की हातात झिणझिण्या यायच्या आणि मातीची एक कपची निघायची. गुडघाभर खाली गेलं की ती मऊ व्हायची, मग चिकट, मग फावड्याला धरून ठेवायची. कमरेइतकं खणलं तरी काळीच. भुजंग खड्ड्यात उतरून चिमूटभर माती तळहातावर घेई, थुंकी लावून मळी. गोळी व्हायची. तो गोळी फेकून देई आणि चार पावलं सरकून दुसरा खड्डा घेई.

पहिल्यांदा तो रस्त्याकडच्या बाजूनं खणत होता. मग तारांच्या अलीकडं. मग बोरीच्या झाडाखाली, कारण बोर खडकाळ रानात वाढते अशी त्याची समजूत होती. ह्या बोरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर त्यानं पंच्याची पट्टी बांधली.

रस्त्यानं घनसावंगीकडं जाणाऱ्या जीपगाड्या वेग कमी करून पाहायच्या. एकदा कडूबा न्हावी सायकलवरून उतरला.

“भुजंगदादा, काय हरवलं का?”

“हरवलंय.”

“काय?”

“मुरूम.”

कडूबा टेकाडाकडे पाहून म्हणाला, “तो तर तिथं आहे,” आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो सायकलवर बसला. पुढं जाऊन परत मागं वळून म्हणाला, “दादा, दाढी वाढलीय. येऊन जा.”

घरी संपतची भिंत निम्म्यावर उतरली होती. आढ्याला दोन बल्ल्यांचा टेकू दिला होता. एक बल्ली बरोबर शीतलच्या गादीशेजारी होती. ती रोज सकाळी उठून बल्लीला हात लावून पाहायची. एकदा भुजंगनं ते पाहिलं. तिनंही पाहिलं की तो पाहतोय. ती म्हणाली, “हालत न्हाई अजून, मामा,” आणि केर काढायला लागली.

कल्याण दोन दिवस लांबूनच पाहत होता. मग एका दुपारी तो रानात आला, बापाच्या हातातून पहार घेतली आणि स्वतः खणायला लागला. बराच वेळ खणून घामाघूम झाल्यावर खड्ड्यातूनच म्हणाला, “आबा, मला माहीत आहे इथं काही न्हाई.”

“मंग खणतो काहून?”

“तुम्ही खणून राह्यले म्हणून.”

भुजंगनं त्याला हात देऊन वर ओढलं. पोराचा हात घामानं निसटत होता.

*

टेकाडाचा उतार बांध ओलांडून पलीकडं तातेरावच्या रानात जात होता. तिकडंही थोडा मुरूम होता, हे भुजंगला पहिल्यापासून माहीत होतं. बाकीचं सगळं रान खणून झाल्यावरच तो तिकडं गेला.

तातेराव आणि त्याची बायको केशरबाई रानातच राहायचे. पत्र्याच्या दोन खोल्या, दारावर निळ्या रंगाची चौकट, आत बुद्धाचा फोटो. पोरगा मिथुन वाटूरला शिक्षक होता. तातेराव लिंबाखाली तुषार सिंचनाच्या नळ्यांची भोकं साफ करत बसला होता. भुजंगला पाहून त्यानं नळी खाली ठेवली नाही.

“बस. पाणी देऊ का?”

“दे.”

पाणी पिऊन झालं. भुजंग तांब्या हातातच फिरवत राहिला.

“बोल की. रानाची चाळण करून इथपर्यंत आला, आता तांब्यात काय शोधून राह्यला?”

“बांधाकडचा तो मुरमाचा तुकडा. मला दे. बदल्यात ओढ्याकडचं चांगलं काळं रान घे. मुरमात तुला काय पिकतं?”

तातेरावनं नळीतून फुंकर मारली. भोकातून पाण्याचा थेंब उडाला.

“माझ्या बापाची बैलगाडी तुझ्या बापानं ह्या बांधावरून जाऊ दिली न्हाई. माणसं डोक्यावर पोती घेऊन ओढ्यातून जायची. मी बी गेल्तो. आन आज तू बांधाच्या आत जागा मागून राह्यला.”

“हौ,” भुजंग म्हणाला. “मागून राह्यलो.”

असं सरळ उत्तर येईल असं तातेरावला वाटलं नव्हतं. तो जरा वेळ नळीशी खेळत राहिला.

“तुला दिला असता. खरंच. पण मिथुनला तिथंच बांधायचंय. त्यालाबी काळीत पाया धरायचा न्हाई. तुला जे पाहिजे तेच त्याला पाहिजे.”

“बराबर आहे,” भुजंग म्हणाला आणि उठला. उठताना गुडघे वाजले. आता शोधायला काही राहिलं नव्हतं. पहार कुठं ठेवली तेही त्याला आठवेना.

केशरबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “भुजंगभाऊ, तुमच्या पोरांनी घर कसं धरलंय?”

“कसं म्हणजे? सरळ ओळीत. सहा खण आन मधी मी.”

“झुंबरनं सरळ नव्हतं धरलं.”

भुजंग थांबला.

“खुरपताना पाणी प्यायला आली की ती टेकाडावर जायची आन मला हाका मारायची. ये, माझं घर बघायला ये. मी म्हणायची, कुठंय घर? तर ती चालून दाखवायची. हसू नका. चला, मी दाखवते.”

तिनं पायात चपला घातल्या आणि पुढं निघाली. तातेरावही नळी टाकून मागून आला. बांध ओलांडून ती टेकाडावर चढली. ओट्यापाशी आल्यावर तिनं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि विहिरीच्या अंगानं चालायला लागली.

“हितून धरायचं. ही एक भिंत. इकडं थोरल्याचं. टोकाला त्याची चूल, धूर वाऱ्यासंगं बाहेर जाईल अशी.” ती कोपऱ्यावर पोचली आणि काटकोनात वळली. “हितून धाकट्याचं. त्याची चूल त्या टोकाला. मी तिला म्हणलं, बाई, दोन चुली एकमेकींपासून एवढ्या लांब? तर म्हणे, एकीनं भांडं आपटलेलं दुसरीला ऐकू जायला नको. पण दारं दोन्ही एकाच अंगणात. म्हणजे सकाळी उठून तोंड तर दिसंल.”

भुजंग तिच्या पायांकडे पाहत होता. दोन्ही ओळींचा कोन झाला होता. कोनाच्या पोटात अंगण होतं, आणि ओटा त्या अंगणात होता. भिंतीखाली नव्हता, चुलीखाली नव्हता.

“जोतं एकच होतं ना?” त्यानं विचारलं.

“ते मला काय माहीत. ती तर एकदाबी न थांबता चालायची.”

“एकच होतं,” तातेराव म्हणाला. त्यानं डोळे बारीक करून सगळं पाहून घेतलं होतं. “कोपऱ्यात जुळलंय की.”

“आन हितं,” केशरबाई ओट्याच्या जवळ येऊन थांबली, “हितं तुमची बाज.”

“इथं?”

“हितं, न्हाईतर एक-दोन हात इकडं-तिकडं. दोन्ही दारांतून दिसायला पाहिजे म्हणायची. एका जागी निजत न्हाई, उठून गेला तर कळंल तरी.”

ती खरंच असं म्हणायची की केशरबाईनं आत्ता जोडलं, ते भुजंगनं विचारलं नाही. चालण्यावर त्याचा विश्वास बसला होता, कारण झुंबरबाई वळताना डावा पाय असाच आत टाकायची आणि केशरबाईनं वळताना तसाच टाकला होता. बाजेचं खोटंही असू शकेल. असलं तर असू दे, असं त्याला वाटलं.

तो ओट्याशेजारी खाली बसला. तातेराव आणि केशरबाई थोडा वेळ उभे राहिले, मग निघून गेले. बांधावर पोचल्यावर तातेराव ओरडून म्हणाला, “भुजंगा, ते खड्डे बुजव. माझी म्हैस पडली तर भरून घेईन.”

*

खड्डे बुजवायला दोघं भाऊ आले. संपतही आला, न बोलावता. भुजंगनं पोरांना अंगण आणि दोन ओळी दाखवल्या. राधेश्याम म्हणाला, कोपऱ्यावरची खोली अंधारी होईल. कल्याण म्हणाला, टेम्पो कुठं लावशील ते आधी बघ. दोघं तिथंच भांडायला लागले, आणि भुजंगला बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज सहन झाला.

दुपारी ते जेवायला गेले तेव्हा तो एकटा राहिला. त्यानं ओट्याचे दगड काढायला सुरुवात केली. वरचे दगड तापले होते, खालचे गार होते. एकाखाली गोगलगाय चिकटून होती, ती त्यानं काडीनं बाजूला ठेवली. तळाशी मुरूम अजून काळा होता. त्यावर त्यानं तळहात ठेवला. फोडांवर गरम लागलं. मग तो उठला आणि एकेक दगड नेऊन भिंतींच्या कडेनं ठेवायला लागला, जिथं पाया यायचा होता तिथं. काही दगड एवढे लहान होते की कशाला ते तिनं आणले असतील असं त्याला वाटे. तेही त्यानं ठेवले. कोपऱ्याला सगळ्यात मोठा ठेवला. तो तिनं एकटीनं उचलला नसावा, कुणीतरी हात दिला असावा.

संध्याकाळ व्हायच्या आधी त्यानं गावातून बाज आणली. डोक्यावर घेऊन, रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. वाटेत कडूबाच्या दुकानातून कोणीतरी म्हणालं, आज कुठं चालली वरात. टेकाडावर आल्यावर ओटा होता त्या जागी त्यानं बाज टाकली आणि तिच्यावर बसला. उठावंसं वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली.

खाली टेम्पोजवळ पोरं चुन्याची फक्की भिजवत होती. कल्याणनं दोरी धरली, राधेश्यामनं पांढऱ्या रेघा ओढल्या. मीना चुलीच्या जागी उभी राहून हात पसरून पाहत होती, मांडणी बसते का. शीतल टेकाडाच्या खालीच थांबली होती. तिच्या हातात चहाची किटली होती आणि ती वर येत नव्हती.

भुजंगनं हाक मारली नाही.

ती थोडी वर आली. पांढऱ्या रेघेपाशी थांबली. बाजेकडे, बाजेखालच्या काळ्या मुरमाकडे, मग त्याच्याकडे तिनं पाहिलं.

“मामा, तुम्ही इथंच निजणार?”

“हौ.”

“पावसात?”

“पावसात ओसरीवर. बाकी इथंच.”

ती रेघेकडे पाहत राहिली. रेघेवरून पाय टाकला असता तर बाज दोन पावलांवर होती. पण तिनं पाय टाकला नाही. रेघेच्या कडेकडेनं ती पार कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, तिच्या ओळीत जिथं दाराची जागा मोकळी सोडली होती तिथं आली, आणि त्या दारातून अंगणात उतरली. चहा बाजेच्या कडेच्या लाकडावर ठेवला.

“मामा, एक सांगू?”

“सांग.”

“संडास ह्यांनी पश्चिमेला धरलाय. उन्हाळ्यात सगळा वारा तिकडून येतो. मी आल्यापासून तोंडावर घेऊन राह्यले. दोन्ही स्वैपाकघरात वास घुसंल.”

“विहीर इकडं आहे. इकडं कसा घेणार?”

“इकडं नका घेऊ. त्या तिकडं, उताराला. ओढ्याच्या अलीकडं.”

“तिथं रात्री जायला लांब पडंल.”

“किती लांब? थांबा.”

तिनं पदर खोचला आणि चालायला लागली. दारातून बाहेर, ओळीच्या कडेनं, उताराकडं, मोठ्यानं स्वतःशी बोलत, इथं एक बल्ब लावा, इथं फरशी टाका म्हणजे चिखल होणार नाही. भुजंग पाहत राहिला. मग त्यानं चहा एका घोटात संपवला, बाजेवरून उठला आणि फक्कीचं घमेलं घेऊन तिच्या मागं निघाला.

“जल्दी चालू नको,” तो म्हणाला. “रेघ मारायला वेळ लागतो.”